खिम्याचे गोळे टोमॅटोच्या सॉसमध्ये फुटतात? बेसनाचा डबा उघडण्याआधी हे बघा

आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, तिसरा दिवस होता. दोन्ही नणंदा माहेरी आलेल्या, घरात पाच पोरं, आणि पाचही जणांचा एकच हट्ट: "मामी, मीटबॉल कर ना, लाल सॉसमधले." पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या खाऊन पोरांना काहीतरी वेगळं हवं होतं. मी खिमा आणला, गोळे वळले, तेलात परतले, खदखदत्या टोमॅटोत सोडले आणि झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर वर केशरी तेलाचे थेंब तरंगत होते, मधे तीन-चार गोळे अर्धे खचून बसले होते, आणि डाव तळापर्यंत नेला तर सगळा रवाळ खिमा वर आला. सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांनी ओट्याशी येऊन वाकून पाहिलं आणि विचारलं, "गोया फुटी गयात का व?"

हे पहिल्यांदा झालं असतं तर लिहायला बसले नसते. दोन वर्षं दर तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्याकडे हेच होत होतं. ज्या वेळी फुटायचे नाहीत, त्या वेळी दाताखाली रबरासारखे लागायचे. कारण दर वेळी मी एकच उपाय करायचे: गोळे फुटले की पुढच्या वेळी बेसन वाढवायचं. एक चमचा, मग दोन, मग मूठभर. बेसनाने गोळा उभा राहतो हे खरं, पण मांसाची चव मागे पडते, आत पिठूळ लागतं आणि सॉस आत शिरत नाही. फुटणं आणि दगड होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं मला वाटायचं. प्रत्यक्षात दुसरी तक्रार पहिलीवर केलेल्या चुकीच्या उपायातून आलेली होती.

आता वर्ष होऊन गेलं, माझे गोळे फुटलेले नाहीत आणि बेसन मी त्यात घालतच नाही. चूक सॉसमध्ये दिसते, पण होते परातीत, अर्धा तास आधी.

फुटले नेमके कधी, ते आधी आठवा

उपाय शोधण्याआधी गोळा कोणत्या टप्प्यावर मोडला ते आठवून बघा. वळतानाच त्याला तडे जात होते, तळहातावर कोरडा चुरा राहत होता, तर खिमा फार जाडा आहे किंवा त्यात चरबीच नाही. तेलात टाकल्यावर तडतड झाली, तेल अंगावर उडालं आणि गोळ्याची बाजू उघडली, तर आत पाणी आहे. तेलात छान राहिला पण सॉसमध्ये पहिल्या पाच-सात मिनिटांत विरघळल्यासारखा झाला, तर मळणी कमी पडली. सॉसमध्येही टिकला आणि डाव फिरवल्यावर मोडला, तर गोळ्यात काही दोष नाही, हात आवरायला हवा. माझ्या बाबतीत दोन कारणं एकत्र होती, पाणी आणि मळणी, म्हणूनच मला बरेच दिवस थांग लागत नव्हता. एक सुधारलं की दुसरं गोळा मोडायचं.

पाणी कुठून येतं

आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय शिजवत नाहीत. पण खिमा धुतला की तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो. मी चाळणीत घालून नळाखाली धरायचे, दोनदा दाबायचे आणि वाटायचं की निथळला. तो निथळत नाही. एवढ्या बारीक तुकड्यांच्या मधे अडकलेलं पाणी हाताने दाबून निघत नाही, ते तेलात गेल्यावर वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाताना गोळ्याला भेग पाडतं.

आमच्या खाटीकदादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, आधी सांगायचं ना. मांस धुऊन, पुसून देतो, मग मशीनमधून काढतो." तेव्हापासून तसंच घेते. दस्तीचं मांस, म्हणजे पुढच्या पायाचं, धुऊन कोरडं करून दोनदा मशीनमधून काढलेलं, आणि सोबत थोडी चरबी. बोकडाच्या मांडीचं मांस फार रोड असतं, नुसत्या मांडीचा खिमा कोरडाच होतो. अर्धा किलोला ५० ते ७५ ग्रॅम चरबी त्यातच काढून घ्यायला सांगा. ज्यांना खिमा घरी आणून धुतल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी धुतल्यावर स्वच्छ पंचात बांधून पिळावा, चक्क्याचं दही बांधतो तसा, आणि पुरचुंडी अर्धा तास फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवावी.

पाण्याची दुसरी वाट म्हणजे कांदा. कच्चा कांदा बारीक चिरून खिम्यात घातला आणि त्यावर मीठ पडलं की तो पंधरा मिनिटांत पाणी सोडतो. तुम्ही मळलं तेव्हा गोळा घट्ट असतो, वळायला घेता तेव्हा सैल झालेला असतो, आणि मग वाटतं की बेसन हवं. त्याऐवजी कांदा चमचाभर तेलावर गुलाबी परतून, पूर्ण गार करून घाला. घाई असेल तर किसा आणि मुठीत घट्ट पिळून रस सॉसमध्ये टाका. कोथिंबीर धुऊन ओलीच चिरली जाते, तिचंही तेच. आणि देठ, मिरचीचे मोठे तुकडे, जाडसर कुटलेला मसाला खिम्यात नको. मोठा तुकडा जिथे बसतो तिथे मांस मांसाला चिकटत नाही, आणि गोळा नेमका तिथून उघडतो.

फ्रीजरमधला खिमा वापरत असाल तर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा आणि सुटलेलं लालसर पाणी ओतून द्या. ते पाणी खिम्यात पुन्हा कालवू नका.

मीठ आणि मळणी

हा भाग मला आपांनी शिकवला. भुसावळला आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये होतो तेव्हा त्या शेजारी राहायच्या, आणि त्यांच्या घरचे कोफ्ते मी अक्षरशः मोजून खाल्ले आहेत. माझे फुटतात म्हटल्यावर त्यांनी कृती सांगितली नाही. "बेटा, मेरे सामने मळून दाखव," म्हणाल्या. मी सगळं एकदम परातीत घातलं, कांदा, मसाला, पाव, अंडं, आणि पिठासारखं हलकेच एकत्र केलं. त्यांनी परात स्वतःकडे ओढली.

त्यांची रीत अशी. परातीत आधी फक्त गार खिमा आणि मीठ. दुसरं काहीच नाही. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने खिमा परातीवर पुढे रगडायचा, गोळा करून मागे ओढायचा, पुन्हा रगडायचा. पहिली दोन मिनिटं तो सुटा, दाणेदार राहतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला रंग थोडा फिका पडतो, परातीला पांढुरका चिकट थर धरू लागतो आणि खिमा बोटांवरून सुटायला कुरकुरतो. तेव्हा लिंबाएवढा तुकडा तळहातावर थापायचा आणि हात उलटा करायचा. पडला तर अजून मळा. चिकटून लटकत राहिला तर झालं.

यामागचं कारण मी नंतर वाचलं आणि मग ही रीत कधीच सोडली नाही. मांसात मायोसिन नावाचं प्रथिन असतं. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, मिठाच्या पाण्यात विरघळतं. मीठ घालून रगडलं की ते तंतूंमधून बाहेर येऊन खळीसारखं पसरतं, आणि उष्णता लागली की घट्ट होऊन सगळे कण एकमेकांना बांधून टाकतं. म्हणजे गोळा बांधणारा पदार्थ खिम्यात आधीपासूनच असतो, त्याला बाहेर काढायचं काम फक्त मीठ आणि हात करतात. कांदा, पाव, तेल आधीच मिसळलं तर ते कणांच्या मधे येतात आणि ही खळी नीट पसरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मीठ, मग मळणी, मग बाकी सगळं, आणि बाकीचं घातल्यावर हलक्या हाताने फक्त एकत्र करायचं. कोफ्ता हा शब्दही फारसीतल्या कुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आपांची आजी तर पाट्यावर वरवंट्याने खिमा वाटायची, तेव्हा मळणीचा प्रश्नच नव्हता.

मिठाचं माप अंदाजाने नको. अर्धा किलो खिम्याला सात ते आठ ग्रॅम, म्हणजे पोहे खायचा नव्हे, चहाचा छोटा सपाट सव्वा चमचा. सॉसमध्ये मीठ वेगळं आणि कमी. खारट होईल या भीतीने खिम्यात मीठ कमी घालून सॉसमध्ये वाढवलं तर चव जमेल, पण गोळा बांधला जाणार नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चिकटपणा आला की थांबा. दहा-पंधरा मिनिटं रगडत बसलात तर गोळे फुटणार नाहीत, पण कापलेल्या सॉसेजसारखे घट्ट होतील. चार मिनिटं, फार तर पाच.

आपली गरमी

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ पर्यंत जातो, स्वयंपाकघरात गॅसजवळ काय होत असेल ते सांगायला नको. अशा वेळी खिमा मळायला घेतला की हाताच्या आणि हवेच्या उष्णतेने चरबी मऊ पडते. मग ती कणांच्या मधे राहण्याऐवजी सगळ्यांवर तुपासारखी माखली जाते आणि चिकटपणा येतच नाही. मळता मळता परातीला तेलकट चकाकी दिसली, हात तुपकट झाले, तर समजा की खिमा तापला. आखाजीच्या त्या दिवशी माझं हेही झालं होतं. खिमा सकाळी आणून ओट्यावर ठेवला होता आणि गोळे दुपारी वळले.

उन्हाळ्यात मी परातच फ्रीजमध्ये ठेवते. रुंद परात मावत नसेल तर मोठं ताट किंवा स्टीलचं पातेलं. मळून झाल्यावर खिमा पंधरा मिनिटं परत आत, आणि वळलेले गोळेही परतण्याआधी तेवढाच वेळ आत. हा फक्त गोळ्यांचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. खिम्याचा सगळा पृष्ठभाग उघडा असतो, त्यामुळे तो तुकड्यांच्या मटणापेक्षा लवकर बिघडतो. पारा ३२ च्या वर असताना कच्चा खिमा तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधीच मळून घ्या.

पपई, आलं आणि रात्रभर मुरवणं

आमच्या शहाद्याच्या नातेवाइकांकडे मटणाला कच्ची पपई लावायची सवय आहे. तिकडे शेतंच्या शेतं पपईची, त्यामुळे हाताशी असते. मटणाच्या तुकड्यांना ती ठीक आहे, गोळ्यांना अजिबात लावू नका. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, आणि आपल्याला तर नेमकं प्रथिनांनीच गोळा बांधायचा आहे. ताज्या आल्यातही असंच काम करणारं एन्झाइम असतं, पपईपेक्षा सौम्य. म्हणून आलं-लसूण वाटून खिम्याला लावून रात्रभर मुरवलेले गोळे सकाळी लिबलिबीत होतात. लसूण बिनधास्त घाला. आलं घालायचं असेल तर वळण्याच्या अगदी आधी, नाहीतर सॉसच्या फोडणीत.

मऊपणासाठी पाव

बेसन काढल्यावर गोळा मऊ कसा राहणार? त्यासाठी दुधात भिजवलेला पाव. मीटबॉल आणि स्पॅगेटीचं जे ताट पोरांना मोबाइलवर दिसतं ते अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांचं. इटलीत गोळ्यांना पोल्पेत्ते म्हणतात आणि ते बहुधा पास्त्याशिवायच खातात. शिळ्या पावाची रीत मात्र दोन्हीकडे आहे. भिजलेला पाव मांसाच्या कणांच्या मधे बसतो, मांस आक्रसताना सोडतं तो रस धरून ठेवतो आणि गोळा घट्ट होऊ देत नाही. अर्धा किलोला पावाचे दोन स्लाइस, कडा काढून, पाव वाटी दुधात. दहा मिनिटांनी कुस्करून त्याचा लगदा झाला पाहिजे, आणि ताटात दूध सांडलेलं दिसता कामा नये. दूध चालत नसेल त्यांनी पाणी घ्या, फरक फार नाही.

मी शिळ्या भाकरीनेही करून पाहिलं, कारण घरात पावापेक्षा भाकरीच उरते. ज्वारीच्या भाकरीचा चुरा भिजला तरी रवाळ राहतो आणि गोळ्याला भेगा पाडतो. शिळी पोळी मिक्सरमधून काढून भिजवली तर चालते. डाळ्यांचं पीठ हा आपला जुना उपाय चांगला आहे, पण दोन छोट्या चमच्यांच्या वर नको, तोही पाव घालणार नसाल तर. अंडं एक पुरे. दोन घातली की गोळा रबरासारखा उसळतो. मसाला म्हणून मी अर्धा चमचा खान्देशी काळा मसाला, मिरेपूड आणि भाजून बारीक केलेली बडीशेप घालते. पोरांसाठी करताना काळा मसाला तेवढाच ठेवा, तो टोमॅटोवर कुरघोडी करतो.

आधी एक गोळी

सगळे गोळे वळण्याआधी सुपारीएवढी एकच गोळी वळा. छोट्या कढईत वाटीभर पाणी हळू उकळू द्या, त्यात ती सोडा आणि पाच मिनिटं हात लावू नका. पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं आणि गोळी चमच्याने दाबल्यावर किंचित परत आली, तर पुढचे बिनधास्त वळा. पाणी गढूळ होऊन खाली कण बसले, तर मळणी कमी आहे, खिमा गार करून आणखी दोन मिनिटं रगडा. गोळी दगड लागली तर भिजलेला पाव वाढवा. खाऊन मीठही कळतं. या पाच मिनिटांनी माझा जेवढा खिमा वाचला आहे तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

मग तळहाताला तेलाचं बोट लावून मोठ्या आवळ्याएवढे गोळे वळा. वळण्याआधी प्रत्येक तुकडा या हातातून त्या हातात चार-पाच वेळा जोरात टाका, म्हणजे आतली हवा निघते. अर्धा किलोचे वीस-बावीस होतात. पसरट तव्यात किंवा फ्रायपॅनमध्ये शेंगदाण्याचं तेल तापवून एका वेळी दहाच गोळे ठेवा. खालची बाजू तपकिरी झाली की गोळा स्वतःहून सुटतो. सुटत नसेल तर उलथणं खुपसू नका, अर्धा मिनिट थांबा. दोन-तीन बाजू तपकिरी झाल्या की काढा. आतून कच्चे असू द्या, उरलेलं शिजणं सॉसमध्ये होणार आहे.

सॉसच्या तक्रारी

सॉस आंबट होतो, पाणचट राहतो किंवा गुलाबी दिसतो, या तीनही तक्रारी मला सारख्या ऐकू येतात. गुलाबीचं कारण मिक्सर. टोमॅटो कच्चे फिरवले की त्यात हवा भरते, फेस येतो आणि लाल रंग फिका पडतो. टोमॅटो अर्धा कापून किसणीवर किसा, गर खाली पडतो आणि साल हातात राहते. किलोभर टोमॅटोला सात-आठ मिनिटं लागतात आणि साल काढायला पाणी उकळत बसावं लागत नाही.

पाणचट होतो तो टोमॅटोच्या जातीमुळे आणि घाईमुळे. गोल गावरान टोमॅटोला चव असते पण रस फार आणि आंबटपणा जास्त. लांबट, जाड गराचे घेतले तर सॉस लवकर आळतो. मी दोन भाग लांबट, एक भाग गावरान घेते. रुंद तोंडाचं भांडं घ्या, खोल पातेल्यात पाणी आटतच नाही.

आंबटपणावर लोक लगेच साखर घालतात. आधी कांदा नीट शिजू द्या. चार चमचे तेलात दोन कांदे बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, पूर्ण मऊ होईपर्यंत परता, मगच टोमॅटो. टोमॅटोचा आंबटपणा कांद्याला पुढे मऊ होऊ देत नाही. कांदा कच्चट असताना टोमॅटो घातला तर तो तासभर शिजवूनही करकरीत लागतो आणि सॉस तिखट-आंबट राहतो. मऊ झालेल्या कांद्याचा गोडवाच बहुतेक वेळा पुरतो. त्यात दहा लसूण पाकळ्या ठेचून, हवं तर एक गाजर किसून. तरीही आंबट लागला तर बोराएवढा गूळ. सोड्याची चिमूट आंबटपणा मारते खरी, पण जास्त झाली तर साबणासारखी चव येते.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत किंवा जर्मनच्या पातेल्यात टोमॅटो वेळ लावून आटवला की धातूची चव उतरते.

टोमॅटो वीस मिनिटांत आळतो, कडेने तेल दिसू लागतं. आता वाटीभर गरम पाणी घाला आणि आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर अधूनमधून एकच बुडबुडा यावा. खदखदत्या सॉसमध्ये गोळा सतत आपटत राहतो आणि बाहेरचा थर झिजतो. गोळे एकाच थरात ठेवा, झाकण थोडं उघडं, आणि पहिली आठ मिनिटं डाव घालायचा नाही. हलवायचं असेल तर पकडीने भांडं धरून गोल फिरवा. एकूण बारा ते पंधरा मिनिटं. एक गोळा मोडून बघा, आत कच्चा लाल भाग दिसायला नको आणि रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश, चिकनचा खिमा असेल तर ७४. कुकरमध्ये मात्र करू नका. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो, सॉस भसकन उसळतो आणि चांगले बांधलेले गोळेही उघडतात.

कांदा एका शेगडीवर शिजतोय तेव्हा दुसरीकडे खिमा मळला तर पाऊण ते एका तासात ताट वाढून होतं. पोरांना मॅक्रोनीसोबत, मोठ्यांना कळण्याच्या भाकरीसोबत. भाकरी आणि हा सॉस एकमेकांना इतके धरून राहतात की आमच्याकडे मॅक्रोनी आता उरते.

शाकाहारी घरांसाठी

आमच्या जळगाव जिल्ह्यात निम्मे शेजारी माळकरी, त्यामुळे कच्च्या केळीच्या कोफ्त्यांबद्दलही विचारणा होते. तिथे चूक वेगळी असते. केळी सोलून उकडली की पाणी पितात. सालासकट उकडा, पूर्ण गार झाल्यावर सोला आणि किसा. गरम असताना घोटली तर चिकट खळ होते. हे कोफ्ते तळून पूर्ण शिजवायचे आणि सॉसमध्ये उकळायचे नाहीत. ताटात ठेवून वरून गरम सॉस ओता.

फुटलेच तर

तरीही एखाद्या दिवशी फुटले तर गॅस लगेच बंद करा. ढवळत राहिलात तर चांगले गोळेही जातील. शाबूत असलेले झाऱ्याने अलगद ताटलीत काढा. उरलेल्या सॉसमध्ये मूठभर मटार किंवा एक उकडलेला बटाटा बारीक चिरून घाला आणि खिमा पूर्ण शिजेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं, झाकून आटवा. आता खिमा सगळा सॉसमध्ये उतरलेला असतो आणि पावाबरोबर किंवा मॅक्रोनीवर तो उत्तम लागतो. ताटलीतले गोळे शेवटची सात-आठ मिनिटं त्यावर ठेवून शिजवून घ्या. आखाजीच्या त्या दिवशी मी हेच केलं, आणि मोठ्या नणंदेच्या मुलीने विचारलं, "मामी, हे पुन्हा कधी करशील?"

उरलेले गोळे सॉससकट फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम करताना गोळे आधी बाहेर काढा, थोडं पाणी घालून एकटा सॉस उकळवा, मग गोळे त्यात सोडा आणि मंद आचेवर आतपर्यंत वाफ येईपर्यंत झाकून ठेवा. फ्रीजमधला थिजलेला सॉस आणि गोळे एकत्रच गॅसवर ठेवले की ढवळावं लागतं, आणि आदल्या दिवशी टिकलेला गोळा तिथे मोडतो.